तुझ्या वेळी ना... आठवत नाही बघ

आमच्याकडे दादाच्या वाढदिवसाला दोन गोष्टी हमखास होतात. केक येतो आणि दुधाची गोष्ट निघते. केकचा फ्लेवर दरवर्षी बदलतो, गोष्ट मात्र तीच. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. आठवतंय का काही? नसेल तर घरच्या मोठ्यांना विचारा. देशभर गणपती दूध प्यायला तो दिवस! पहाटे दिल्लीत सुरुवात झाली आणि बघता बघता पार लंडनच्या देवळांपर्यंत चमचे पोहोचले. त्याच दिवशी भर दुपारी आमचे दादासाहेब अवतरले.

मग काय, प्रत्येकाची आपापली आवृत्ती. आजी वाटीभर दूध घेऊन राजाबाजारच्या संस्थान गणपतीला गेली होती, तिला नातवाची बातमी म्हणे रांगेतच कळली. काका दवाखान्यातल्या चहासाठी दूध शोधत अख्खी गुलमंडी सायकलवर फिरला. (मी लहान असताना त्याला दोन लिटर मिळालं होतं. हल्ली तो पाव लिटरवर आलाय.) बाबांची रिक्षा एका देवळासमोरच्या गर्दीत अडकली, त्यांनी खाली उतरून हात जोडून वाट मागितली. पितृपंधरवडा चालू होता, त्यामुळे पेढे वाटायचे की नाही यावर आत्या आणि आजोबांची जुंपली. आजोबांनी वाटले.

शेवटी इंजिनीअर दादा पृष्ठताण समजावून सांगतो. तेव्हा शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून ते मूर्तीवरून कसं ओघळतं हे दाखवलं होतं, वगैरे. आजी म्हणते, ‘‘माय, तुझ्याच जन्माच्या दिवशी झालं ना ते, मग तू तरी नको बोलूस.’’ इथे सगळे हसतात. दरवर्षी. इथेच.

दादाची तिशी साजरी झाली तेव्हा वहिनीचं आमच्याकडचं पहिलंच वर्ष. ती बिचारी नवीन. तिने सहज विचारलं, ‘‘आणि हिच्या वेळी काय झालं होतं?’’

शांतता. पंख्याचा आवाज.

‘‘हिच्या वेळी ना...’’ आत्या म्हणाली, ‘‘पाऊस होता बहुतेक.’’ माझा जन्म ३ एप्रिल १९९७ चा आहे. औरंगाबादेत एप्रिलमध्ये पाऊस? काका म्हणाला, मी तेव्हा पुण्यात होतो. आजी म्हणाली, ‘‘तू रात्री झालीस.’’ आई म्हणाली, सकाळी. बाबा एकदम खुशीत, ‘‘मीच तर रिक्षा आणली होती!’’ आणि पुन्हा ती गर्दी, पुन्हा ते हात जोडणं. बाबा, ती रिक्षा दादाची होती हो!

दुसरं अपत्य असणाऱ्यांनो, हात वर करा. तुमच्याही अल्बममध्ये दादा-ताईंचे चाळीस फोटो आणि तुमचे चार, तेही कुणाच्या तरी लग्नातले, असंच आहे ना? मला वाटलं होतं, मी या सगळ्याच्या पलीकडे गेलेय. अठ्ठावीस वर्षांची बाई, स्वतःचा ईएमआय भरते, तिला काय फरक पडतो? जाम पडला.

जन्मदाखला काढून पाहिला. दिनांक, आई-वडिलांची नावं, जन्मस्थळ औरंगाबाद. (शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं. त्यामुळे जन्मगाव विचारलं की एक नाव दाखल्यावरचं आणि एक पाटीवरचं, असं होतं.) या एका कागदाला हल्ली केवढी किंमत आलीय! १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेसाठी हाच पुरावा लागतो. पण त्या दिवशी कोण कुठे होतं, हा रकाना त्यात नाही.

मास कॉमला आम्हाला पढवलेलं, सोर्स बोलत नसेल तर रेकॉर्ड बघा. मग बसले शोधत. आणि बॉस, काय सापडलं! मी जन्मले तेव्हा आकाशात हेल-बॉप धूमकेतू होता. नुसत्या डोळ्यांनी दिसणारा, दोन शेपट्यांचा. मी यायच्या दोनच दिवस आधी, १ एप्रिलला तो सूर्याच्या सगळ्यात जवळून गेला. आता परत येणार सुमारे चोवीसशे वर्षांनी. कुठे तुमचं ते वाटीभर दूध!

नाचत आजीकडे गेले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘माझी तर तारीखच न्हाई माय.’’ आजीच्या आधार कार्डावर १ जून आहे. तिच्या तीन मैत्रिणींच्याही कार्डावर १ जूनच. शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट तीच टाकायचे, त्यामुळे त्या पिढीतला अर्धा मराठवाडा एकाच दिवशी जन्मलाय. आजी वैजापूर तालुक्यातली. तिच्या आईने तिला एवढंच सांगितलं होतं, की पेरणी उरकली होती, गावात रझाकारांची धास्ती होती आणि पोलीस ॲक्शन झाली तेव्हा तू पाळण्यात होतीस. म्हणजे १९४८ चा पावसाळा. ‘‘आता इचारावं तर सांगणारं कोण राह्यलं?’’ एवढं बोलून ती पुन्हा मेथी निवडायला लागली.

तिथून उठले ती थेट आईकडे. ती ओट्याशी. म्हटलं, ‘‘आई, धूमकेतू पाहिला होतास?’’

‘‘कसला धूमकेतू? नळाला पाणी सुटायची वेळ होती.’’

आणि मग तिने सांगितलं. एकही वाक्य न अडखळता. पहाटे पाचला कळा सुरू झाल्या. बाबा फर्स्ट शिफ्टला वाळूजला जायला निघत होते. ती बोलली नाही, कारण त्या महिन्यात रजा झाली असती तर पगार कापला जाणार होता. बाबा गेले. नळ आला. तिने कळा सोसत ड्रम भरला, दोन हंडे भरले, दादाला शेजारच्या काकूंकडे सोडलं, बॅग घेतली, कोपऱ्यावर जाऊन रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याने खड्डे चुकवत इतकी हळू नेली, की शेवटी तीच म्हणाली, ‘‘भाऊ, जरा जोरात चालवा.’’ सव्वानऊला मी. काकूंनी कंपनीच्या गेटवर फोन केला होता, पण निरोप बाबांपर्यंत पोहोचला तो शिफ्ट सुटल्यावर. ते आले तेव्हा मी आठ तासांची होते.

‘‘अगं मग बाबा जे सांगतात रिक्षाचं...’’

‘‘सांगू दे.’’

‘‘तू कधी बोलली का नाहीस?’’

‘‘कोणी विचारलं होतं?’’ तिने गॅस बारीक केला. ‘‘आणि खरं सांगू? दादाच्या वेळी खोलीत अकरा माणसं होती. सगळी गणपतीचं बोलत होती. पोरगं माझ्या हातात यायला संध्याकाळ झाली. तुझ्या वेळी कोणीच नव्हतं. पूर्ण दिवस तू माझ्यापाशी होतीस.’’

मग म्हणाली, हे बाबांना सांगू नकोस हं.

आता पंचाईत अशी आहे, की बाबा हे सदर दर आठवड्याला वाचतात. कात्रणं फाइलला लावतात, खालच्या मजल्यावरच्या काकांनाही दाखवतात. तर बाबा, ती रिक्षा तुमचीच. फक्त आज संध्याकाळी चहा घेताना आईला विचारा, त्या दिवशी ड्रम कोणी भरला होता.