तास वाकडे दिसतात? मोतीबिंदू समजून थांबू नका

आज पिकावर नाही, डोळ्यांवर लिहितो. खारपाणपट्ट्यातल्या एका गावी कपाशीच्या पाहणीला गेलो, तर एक म्हातारे बाबा म्हणाले, "साहेब, पोरानं पऱ्हाटीचे तास वाकडे धरले." तास सरळच होते. घरचे म्हणाले, "मोतीबिंदू असन, पिकला की काढू."

इथेच घात होतो. मोतीबिंदूत भिंग धुरकट होते, सगळेच धूसर दिसते आणि शस्त्रक्रियेने नजर परत येते. पण उतारवयात डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो, तेव्हा कडेचा बांध दिसतो आणि समोरच्याचा चेहरा दिसत नाही. यात कोरडा प्रकार सावकाश वाढतो. ओल्या प्रकारात पडद्याखाली नाजूक रक्तवाहिन्या तणासारख्या उगवून पाझरतात, सरळ रेघ वाकडी दिसते आणि काही आठवड्यांत मधली नजर जाते.

"मंग लेसर मारून द्या," असे लोक म्हणतात. १९८० च्या दशकात ओल्या प्रकारावर लेसर हाच उपाय होता. पण तो पाझर जाळताना पडदाही जाळायचा, तिथे कायमचा डाग राहायचा आणि पाझर पुन्हा फुटायचा. २००० च्या सुमारास शिरेतून औषध देऊन मंद लेसर वापरणे सुरू झाले. २००५-०६ पासून डोळ्यात द्यायची इंजेक्शने आली आणि लेसर मागे पडला. कोरड्या प्रकारात तर लेसरचा उपयोगच नाही. शुगरमुळे पडदा बिघडला तर मात्र लेसर आजही कामाचा आहे.

इंजेक्शन एकदा घेऊन भागत नाही, सुरुवातीला दर महिन्याला घ्यावे लागते. म्हणून खर्च आधी विचारा. बेव्हासिझुमॅब हे स्वस्त औषध महागड्या रॅनिबिझुमॅबइतकेच नजर राखते, हे २०११ साली अमेरिकेतल्या मोठ्या तुलनेत दिसले.

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे. खेड्यातल्या शिबिरांचा भर मोतीबिंदूवर राहिला, आणि ती गरजही होती. पण पडदा नीट पाहायचा तर थेंब टाकून बाहुली मोठी करावी लागते. निदान चौकटीचा एक कागद प्रत्येक आरोग्य उपकेंद्रात टांगायला काय हरकत आहे? त्याला खर्च तो किती!

तोवर घरीच पाहा. जवळचा चष्मा असेल तर तो लावा. एक डोळा झाका आणि पोराच्या चौकटीच्या वहीकडे पाहा, मग दुसरा. रेघा वाकल्या किंवा मधे डाग दिसला, तर त्याच आठवड्यात अमरावतीचे इर्विन किंवा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय गाठा आणि "पडदा तपासा" असे स्पष्ट सांगा. थेंबांनी काही तास अंधूक दिसते, म्हणून सोबत कोणी न्या. बिडी सोडा, तिने हा धोका वाढतो.

वेचणी आठ दिवस पुढे ढकलता येते. गेलेली मधली नजर परत आणणे बहुधा जमत नाही.