सूक्ष्मदर्शकाची किंमत आणि त्याचे मोल

मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने कोरोना विषाणूचे छायाचित्र प्रसिद्ध केले. देशातील पहिल्या रुग्णाच्या घशातील स्रावात सापडलेला तो विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपला होता. प्रकाशावर चालणाऱ्या साध्या सूक्ष्मदर्शकाला मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागाहून बारीक तपशील वेगळा दाखविता येत नाही, आणि हा विषाणू त्याहूनही लहान. संकट दाराशी आल्यावर यंत्राची मागणी नोंदवून हे काम झाले नसते. यंत्र चालते होते आणि ते चालविणारे हात तयार होते, म्हणूनच ते झाले.

असे यंत्र आपल्या विद्यापीठातही असावे, ही विज्ञान शाखेतील प्राध्यापकांची इच्छा सर्वथा योग्य आहे. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक असल्याने यंत्राच्या रचनेविषयी अधिकारवाणीने बोलू इच्छित नाही. हिशेबाविषयी मात्र बोलणे त्याचे कर्तव्य आहे.

यंत्रखरेदीसाठी एकरकमी अनुदान मिळते. कोनशिला बसते, छायाचित्रे निघतात. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. यंत्राला उत्तम निर्वात अवस्था, कंपनरहित जागा आणि अखंड, स्थिर वीजपुरवठा लागतो. नमुन्याचे अतिशय पातळ काप घेण्यासाठी वेगळी साधने लागतात. हमीची मुदत संपली की देखभालीचा वार्षिक करार करावा लागतो, आणि सुटे भाग बहुधा परदेशातून येत असल्याने रुपया घसरला की तेही महागतात. त्यात सार्वजनिक संशोधन संस्थांना व विद्यापीठांना शास्त्रीय उपकरणांवर असलेली ५ टक्के वस्तू व सेवा कराची सवलत जुलै २०२२ मध्ये काढून घेण्यात आली आणि दर १८ टक्क्यांवर गेला. एक कोटीच्या उपकरणामागे हा १३ लाखांचा अधिक भार होय. ज्या अंदाजपत्रकात या आवर्ती खर्चाला आणि तंत्रज्ञाच्या कायम पदाला जागा नाही, ते विद्यापीठ यंत्र घेत नाही. पांढरा हत्ती दारी बांधते.

यावर कोणी म्हणेल, मग प्रत्येकाने यंत्र घ्यावेच कशाला? मुंबईच्या आयआयटीसारख्या ठिकाणी बाहेरच्या संशोधकांसाठी सामायिक उपकरण केंद्रे आहेतच. संशोधनापुरता हा युक्तिवाद मान्य करावा. अतिमहाग यंत्रे सामायिकच असावीत. परंतु शिक्षणाचे काय? नमुना पाकिटात घालून पाठविणाऱ्या आणि परत आलेले चित्र प्रबंधात डकविणाऱ्या विद्यार्थ्याला त्या चित्रात पदार्थाचे रूप कोणते आणि नमुना तयार करताना झालेला बिघाड कोणता, हे कसे कळावे? १९३१ साली बर्लिनमध्ये माक्स क्नॉल यांच्यासह पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक घडविणारा एर्न्स्ट रुस्का तेव्हा चोविशीतील संशोधक विद्यार्थी होता. त्याला नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८६ साली. आपल्याकडेही नीरजनाथ दासगुप्ता यांनी १९४० च्या दशकात कोलकात्यात असे यंत्र स्वतः उभारले. यंत्राशी झटल्याशिवाय ही विद्या येत नाही.

म्हणून सुचवावेसे वाटते की, विद्यापीठांनी अध्यापनासाठी लहान, टेबलावर मावणारे यंत्र घ्यावे आणि मोठ्या यंत्रासाठी शेजारच्या विद्यापीठांशी भागीदारी करावी. खरेदीच्या ठरावातच तंत्रज्ञाचे पद आणि किमान सात वर्षांच्या देखभालीचा निधी मंजूर व्हावा. आठवड्यातील ठरावीक तास संलग्न महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावेत, आणि यंत्र किती तास चालले याचा तपशील वार्षिक अहवालात छापला जावा.

तालुक्याच्या गावाहून आलेल्या मुलीने आपल्या हाताने बसविलेला नमुना पडद्यावर पाहिला, तर त्या यंत्राचे पैसे फिटले असे समजावे. कुलूपबंद खोलीतील यंत्राची किंमत फक्त लेखापालाच्या वहीत राहते.