आजोबांची सायकल, आजचे ब्रेक

‘जुन्या सायकलला हात लावू नका, तिची शान जाते,’ म्हणणाऱ्यांनी ती एकदा भर पावसात उतारावर चालवून बघावी. भिजलेल्या स्टीलच्या रिमवर रॉडचे ब्रेक घसरतात. या ब्रेकचं रबर रिमला आतून, आऱ्यांच्या बाजूने टेकतं. म्हणून नुसते कॅलिपर ब्रेक लावून भागत नाही. त्यांना सपाट कडांची रिम लागते. ६३५ मिमीऐवजी ६२२ मिमीच्या अ‍ॅल्युमिनियम रिमवर चाकं बांधून घ्या. रबर साडेसहा मिमी खाली पोहोचायला हवं, तेव्हा कॅलिपर लांब हातांचे घ्या. डिस्कच्या हौसेपायी फ्रेमला वेल्डिंग मात्र करू नका. आजोबांची फ्रेम जरूर जपा. पण समोर रस्ता ओलांडणाऱ्या पोराला तुमच्या वारशाशी काय देणंघेणं?