तक्रारीच्या आधी

मुळशी धरणापलीकडच्या वाडीतून एखादी बाई पौडच्या पोलीस ठाण्याकडे निघाली, की ती एसटीत चढायच्या आत गावभर होतं. म्हणून बचत गटाची बैठक मोलाची. हप्ता मोजताना मनगटावरचा वळ दिसतो आणि ‘पडले’ या उत्तरावर तिथं कुणी विश्वास ठेवत नाही.

२००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं नोंदणीकृत संस्थांना, बाईची इच्छा असेल तर, घटनेचा अहवाल नोंदवून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवण्याचा अधिकार दिला आहे. अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असंही त्यात आहे. तारखा मात्र आपल्या गतीनं पडतात. मुलांचा तात्पुरता ताबाही याच अर्जावर मागता येतो. आणि घर सासऱ्याच्या नावावर असलं, तरी सुनेचा तिथं राहण्याचा हक्क त्यामुळे आपोआप जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२०मध्ये स्पष्ट केलं. ग्रामसभेत हे कुणी वाचून दाखवतं का?