गोल्फमधली दुबार पेरणी

वलगावात चहाच्या टपरीवर गोल्फचा विषय सहसा निघत नाही. निघालाच तर ‘मोठ्या लोकायचा खेळ, आपल्याले काय कराचं त्याचं!’ असे म्हणून पोट्टे क्रिकेटकडे वळतात. त्यांचे फारसे चुकत नाही. तरीही, उमेदीची वर्षे बँकेत पीककर्जाचे कागद तपासण्यात गेल्यामुळे असेल, व्यावसायिक गोल्फपटूचा जमाखर्च पाहिला की मला त्यात आपला कोरडवाहू शेतकरीच दिसतो.

या खेळाडूला पगार नसतो. प्रवास, मुक्काम, पिशवी वाहणाऱ्या कॅडीचे पैसे हा सारा खर्च आधी. उत्पन्न मागून, तेही आले तर. स्पर्धा बहुधा चार दिवसांची. रोज अठरा खड्डे. सव्वाचार इंच रुंदीच्या खड्ड्यात चेंडू कमीत कमी फटक्यांत घालायचा. दोन दिवस झाले की ‘कट’ लागतो. त्या रेषेखाली राहिलेल्यांनी सामान आवरायचे. बक्षिसाच्या रकमेत त्यांना सहसा छदामही मिळत नाही. एक सकाळ बिघडली की आठवड्याची पेरणी बुडाली!

हे सांगायचे कारण उदयन माने. १९९१ साली जन्मलेला हा पुण्याचा खेळाडू २०१५ मध्ये व्यावसायिक झाला आणि मुख्यतः देशातल्याच स्पर्धा खेळत, जिंकत जागतिक क्रमवारीत वर सरकत राहिला. टोकियो ऑलिम्पिकचे दार मात्र त्याच्यासाठी अगदी शेवटच्या घटकेला उघडले. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली आणि साठ जणांच्या यादीत मानेचे नाव लागले.

२९ जुलै २०२१. कासुमिगासेकीच्या मैदानावर एका फेरीला ७१ फटके अपेक्षित होते; मानेला लागले ७६. एरवी पहिल्याच दिवशी असा फटका बसलेल्या खेळाडूच्या डोळ्यांपुढे परतीचे तिकीट दिसू लागते. पण ऑलिम्पिकच्या गोल्फमध्ये कट नाही, सगळेच चारही दिवस खेळतात. पुढच्या तीन दिवसांत मानेने ६९, ७० आणि ७२ फटके घेतले. म्हणजे या तीन फेऱ्यांची बेरीज अपेक्षेपेक्षा दोन फटक्यांनी कमीच! निकालात क्रमांक दिसतो तो छप्पन्नावा. खातेउताऱ्यातली शेवटची शिल्लक तेवढी वाचणाऱ्याला मधली वसुली कधी दिसत नाही.

त्यानंतर काही दिवसांतच त्याच मैदानावर बंगळूरची अदिती अशोक महिलांच्या स्पर्धेत उतरली. जागतिक क्रमवारीत दोनशेच्या आसपास असलेल्या या मुलीचा लांब पल्ल्याचा फटका प्रतिस्पर्धी महिलांच्या तुलनेत बराच आखूड पडत होता. ती कसर तिने खड्ड्याजवळच्या हिरवळीवरच्या हलक्या, अचूक टोल्यांनी भरून काढली आणि चौथी आली. कांस्यपदकाची संधी एका फटक्याने हुकली. ताकदीत कमी पडणाऱ्यालाही आपली वाट सापडू शकते, पण ती शोधायला वेळ आणि चार हंगामांचा खर्च लागतो.

तो कोणी द्यायचा? आपल्या घरांत तर दहावीच्या टक्क्यांवरच कट लागतो. पोरगा तालुक्याच्या स्पर्धेत एकदा हरला की ‘आता अभ्यासाचं पाहा’ हे वाक्य ठरलेले. आईबापांना दोष कसा द्यावा? पहिला पाऊस दगा देतो तेव्हा दुबार पेरणीचे बियाणे कुठून आणायचे, हा वऱ्हाडाचा जुनाच प्रश्न आहे. ज्याच्या गाठीला पैसा, तोच पुन्हा पेरतो. गोल्फ ‘मोठ्या लोकायचा’ राहिला, त्याचे एक कारण हेही आहे. मैदान महाग, सामान महाग. पण अपयशानंतरचे दुसरे वर्ष सर्वांत महाग.

पदक मिळाल्यावर सत्कार होतात, धनादेश मिळतात. शेतकऱ्याला मात्र कर्ज पेरणीच्या वेळी लागते, पीक घरात आल्यावर नाही. २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला ऑलिम्पिक भरेल तेव्हा आपण पदके मोजूच. त्याआधी, पहिल्या दिवशी ७६ वर अडखळलेली आपल्या गावातली पोरे दुसऱ्या दिवशी मैदानावर येऊ शकतात का, तेही मोजायला हवे.