‘लस आहे का?’ एवढंच विचारून भागणार नाही



पाऊस लागला, लावणी सुरू झाली. आता बांधावर, गवतात, दगडाखाली फुरसं आणि घोणस यांच्याशी गाठ पडणारच. आगरदांड्यात कुणाला साप चावला की आपण पहिलं विचारतो, ‘लस आहे का?’ प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा.

मुळात ती लस नाहीच. घोड्याला सापाचं विष थोडं थोडं टोचतात. त्याच्या रक्तात विषाविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात, त्या काढून कुपीत भरतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच औषध. पण एका कुपीने काही होत नाही. सुरुवातीलाच साधारण ८ ते १० कुप्या लागतात, लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप माणूस बघून विष कमी सोडत नाही. काहींना या औषधाची जोरदार रिॲक्शन येते, म्हणून ॲड्रेनॅलीनचं इंजेक्शन तयार ठेवावं लागतं.

विष चढलंय हे कसं कळणार? घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत २ मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त पातळच असेल तर औषध सुरू. मशीन नको, वीज नको. नळी मात्र काचेचीच हवी, प्लास्टिकची फसवते. नाग-मण्यार यात सापडत नाहीत, तिथे पापण्या जड होतात, श्वास अडतो, ते बघावं लागतं.

‘छोट्या केंद्रात हे जमत नाही’ असं कुणी म्हणालं तर आपल्याच जिल्ह्यातल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांचं नाव सांगा. विंचूदंशावरचं त्यांचं काम ग्रामीण आरोग्य केंद्रातून सुरू झालं आणि ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आपल्याला अलिबाग लांब. दिघीची फेरीबोट वेळेवर चालते, साप वेळ बघून चावत नाही. म्हणून गरज असेल तर पहिला डोस इथेच द्यावा, मग पुढे पाठवावं. नुसती रेफरची चिठ्ठी म्हणजे उपचार नव्हे.

येत्या ग्रामसभेत तीनच प्रश्न विचारूया. जवळच्या सरकारी दवाखान्यात आज कुप्या किती आहेत? काचेची नळी आहे का? रात्री औषध देणारा डॉक्टर कोण?

आणि आपल्या बाजूने एवढं करा: चिरू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. हात-पाय स्थिर ठेवा, १०८ लावा.

पटलं तर वाडीवाडीच्या ग्रुपवर पाठवा.