यंत्राला जाब कोण विचारणार?

२६ सप्टेंबर १९८३. अमेरिकेने पाच क्षेपणास्त्रे सोडल्याचा इशारा सोव्हिएत उपग्रह-यंत्रणेने दिला. ड्युटीवरील अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांना प्रश्न पडला : युद्धच करायचे तर फक्त पाच का? त्यांनी इशारा खोटा असल्याचे वरिष्ठांना कळवले. तो खोटाच होता. ढगांवर चमकलेले ऊन यंत्रणेला क्षेपणास्त्र वाटले होते.

ही शंका घेण्याची जागाच आज पुसली जात आहे. गाझाच्या युद्धात इस्रायली सैन्याच्या 'लॅव्हेंडर' या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने सुमारे ३७ हजार पॅलेस्टिनींना संशयित ठरवले, असे वृत्त एप्रिल २०२४ मध्ये गुप्तचर अधिकाऱ्यांच्या हवाल्याने आले. दहापैकी एक निवड चुकते हे माहीत असूनही एका नावाच्या तपासणीला जेमतेम २० सेकंद दिले जात, असे त्यात म्हटले होते. सैन्याने हे नाकारले. यंत्र फक्त माहिती देते, निर्णय माणूसच घेतो, असा त्यांचा दावा. पण २० सेकंदांत माणूस निर्णय घेत नाही, फक्त सही करतो.

यंत्राला राग-द्वेष नसतो, असे समर्थक सांगतात. मग ते शिकते कशावरून? माणसांनीच भरलेल्या नोंदींवरून. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवले. अशा नोंदवहीतून यंत्र समता कशी शिकेल? ते तोच शिक्का अधिक वेगाने मारेल.

राजनयातही घाई घातक ठरते. १९६२ च्या क्युबा पेचप्रसंगात केनेडी आणि ख्रुश्चेव्ह यांच्यातील पत्रव्यवहाराला अवधी मिळाला, म्हणून वाट निघाली. उत्तर क्षणात हवे असते, तर ती निघाली असती का?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी स्पष्ट केले होते की, संसदीय पद्धत स्वीकारताना आपण स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक महत्त्व दिले आहे. सत्ताधाऱ्याला रोज जाब विचारता आला पाहिजे. यंत्राला संसदेत उभे करता येत नाही, की न्यायालयात.

डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत स्वयंचलित शस्त्रांविषयीचा ठराव आला. १५२ देश बाजूने होते. भारताने विरोधात मत दिले. ही चर्चा जिनिव्हातील दुसऱ्या मंचावर व्हावी, ही भारताची भूमिका. ती मान्य केली, तरी देशात या विषयावर चर्चा कुठे झाली?

म्हणून आमची मागणी साधी आहे : माणूस मारण्याच्या प्रत्येक निर्णयाखाली माणसाचे नाव असले पाहिजे, आणि त्या माणसाला जाब विचारण्याचा अधिकार जनतेकडे. मित्रहो, हा प्रश्न फक्त सेनापती आणि इंजिनिअर यांच्यावर सोडू नका.

जय भीम!